गुठळी, खळ आणि एक टक्का नॅनोट्यूब

माझे बाबा इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये कामाला होते. ताण्याच्या सुताला खळ लावायची, जास्तीची रोलरमधून पिळून काढायची, गरम सिलिंडरवर सूत वाळवायचं आणि बीमवर गुंडाळायचं. खळ नीट बसली नाही की मागावर धागे तटातट तुटतात आणि कारखानदार सायझिंगवाल्याच्या नावाने शंख करतो. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी कार्बन फायबरच्या रिळाच्या माहितीपत्रकात ‘सायझिंग’ हा शब्द दिसला आणि मला हसूच आलं. फायबरला रेझिनने (पुढे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने) धरून ठेवावं म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ लेप देतात, त्याला हेच नाव. कापडाची खळ पुढे धुऊन काढतात, ही मात्र कायम आत राहते, एवढाच फरक.

माझा विषय कंपोझिटचा, म्हणजे रेझिनमध्ये तंतू किंवा कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) घालून केलेल्या साहित्याचा. त्यात येऊ पाहणारी मुलं पहिला प्रश्न हमखास विचारतात, “नॅनोट्यूब पोलादाच्या किती पट मजबूत?” आकडे खरेच डोळे दिपवणारे आहेत. नॅनोट्यूबवरचा जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांचा गाजलेला निबंध १९९१चा. त्यानंतरच्या मोजमापांत नॅनोट्यूबचा ताठरपणा साधारण १००० गिगापास्कल (ताठरपणा आणि मजबुती मोजायचं एकक) भरला. पोलादाचा २०० असतो, आणि पोलाद चार-पाच पट जड. पण २००० साली बहुभिंती, म्हणजे एकात एक नळ्या असलेल्या, नॅनोट्यूब एकेक करून ताणून तोडल्या, तेव्हा निघालेली मजबुती ११ पासून ६३ गिगापास्कलपर्यंत पसरलेली होती. शिवाय तुटली ती फक्त सर्वांत बाहेरची भिंत. आतल्या भिंती म्यानातून तलवार निघावी तशा सरकून बाहेर आल्या. म्हणजे आतल्यांनी भार जवळजवळ उचललाच नाही. मला विचाराल तर या विषयातलं अर्धं शहाणपण त्या तलवारीत आहे. भार पोचलाच नाही, तर मजबुती काय चाटायची?

मला हे कळायला सात महिने लागले.

इपॉक्सी नावाच्या रेझिनमध्ये एक टक्का नॅनोट्यूब घालायच्या, ढवळायचं, ते घट्ट करणारा हार्डनर घालायचा, सिलिकॉनच्या साच्यात ओतायचं, भट्टीत पक्कं करायचं. दुसऱ्या दिवशी मधे बारीक आणि टोकांना रुंद अशी पट्टी यूटीएमच्या (ओढून तोडणाऱ्या चाचणी यंत्राच्या) जबड्यात धरून ओढायची. माझ्या पहिल्या पाचही पट्ट्या साध्या इपॉक्सीपेक्षा लवकर तुटल्या. गाइडनी शांतपणे विचारलं, “तुटलेला तुकडा पाहिलास?” मी आलेख पाहत बसले होते, तुकड्यांकडे कोण बघतंय! एसईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातल्यावर भेगेच्या उगमापाशी एक काळी गुठळी दिसली, चाळीसएक मायक्रॉनची. शेजारी हवेचा बुडबुडा. नॅनोट्यूबची जाडी दहा नॅनोमीटर आणि मी इपॉक्सीत पेरले होते तिच्या काही हजार पट मोठे खडे.

त्याचं कारण असं. दहा नॅनोमीटर जाडीच्या नॅनोट्यूबच्या एका ग्रॅमला अडीचशेएक चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे चार टू-बीएचकेंचं क्षेत्रफळ चमचाभर काजळीत. एवढे पृष्ठभाग एकमेकांजवळ आले की चिकटतात. नुसतं जोरात ढवळून त्या सुटत नाहीत. पिठल्यात एकदा गुठळी झाली की डाव कितीही फिरवा. म्हणून शहाणी बाई पीठ आधी थोड्या पाण्यात कालवून घेते. इथेही तेच करतात: थोड्या रेझिनमध्ये भरपूर नॅनोट्यूब घालून दाट लगदा करायचा, तो थ्री-रोल मिलमधून पुन्हापुन्हा काढायचा आणि मग उरलेल्या रेझिनमध्ये पातळ करायचा. व्यवहारात त्याला मास्टरबॅच म्हणतात. शेजारशेजारचे रोलर वेगवेगळ्या वेगाने फिरतात, त्यांच्यातली फट काही मायक्रॉनवर आणता येते, आणि त्या फटीत गुठळ्या घासून सुटतात. बाबा एकदा प्रयोगशाळा बघायला आले तेव्हा बाकी कशापाशी थांबले नाहीत, या यंत्रापाशी मात्र वाकून उभे राहिले. “फट कशाने मोजता?” एवढंच विचारलं. फटीच्या दोन टोकांना सारखा दाब आहे का, हे मी तोपर्यंत कधी तपासलंच नव्हतं.

दुसरा उपाय प्रोब सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी द्रव हलवणारी कांडी. भांडं बर्फात ठेवून तो थांबूनथांबून चालवा. रेझिन तापतं, आणि जास्त वेळ चालवलं तर नॅनोट्यूबचेच तुकडे पडतात.

गुठळी सुटली तरी खळ लावायचं काम उरतंच. तीन भाग सल्फ्युरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लात उकळलं की नॅनोट्यूबच्या अंगावर ऑक्सिजनचे गट बसतात आणि रेझिन त्यांना धरतं. मी म्हटलं, दोन तासांनी चांगलं होतं तर आठ तासांनी आणखी चांगलं होईल. मग पाणी उदासीन होईपर्यंत तीन दिवस गाळणं आणि धुणं. रामन वर्णपटात (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात) भिंतीतले दोष दाखवणारं १३५०च्या आसपासचं डी शिखर धड भिंतीच्या, १५८०च्या जी शिखराच्या डोक्यावर गेलेलं पाहिलं तेव्हा कळलं, आपण भिंतीच कुरतडून ठेवल्यात.

आता प्रवेशाचं. बी.एस्सी. असाल तर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी.ला आयआयटीत जाता येतं. मी गेले नाही, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकले आणि काही बिघडलं नाही. इंजिनिअरिंगवाल्यांना गेट या परीक्षेत धातुशास्त्राचा पेपर आहे, नाहीतर एक्सई या पेपरमधला मटेरियल सायन्सचा भाग. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि घरभाडं.

नोकरी मजबुतीत शोधू नका. नॅनोट्यूब आज खपतात त्या विजेसाठी. इपॉक्सीत टक्क्याचा छोटासा अंश गेला, तरी जाळं सलग झालं की ते वीज वाहू लागतं. लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडमध्ये आणि स्थिर वीज साठू नये अशा प्लास्टिकमध्ये त्या जातात. मी स्वतः आज पुण्याजवळच्या एका कंपनीत काचतंतूच्या कंपोझिटवर काम करते, नॅनोट्यूब महिन्यातून एखाद्या वेळी हाताळते. पण तुटलेला पृष्ठभाग वाचायला शिकले ती विद्या रोज लागते.

कापरापासूनही नॅनोट्यूब होतात. आयआयटी मुंबईत त्यावर काम झालंय. आरतीचा कापूर विझला की तबकात उरते ती काजळी मात्र नुसती काजळीच असते. त्यासाठी लोहासारखा उत्प्रेरक आणि सातशे-आठशे अंशांची भट्टी लागते. घरी उद्योग करू नका.

आणि कोरडी पूड उघड्यावर कधीच तोलू नका. कामाच्या जागच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने २०१३ साली सुचवलेली मर्यादा हवेच्या घनमीटरला एक मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ नाहीच. लांब, ताठ तंतू फुप्फुसात ॲस्बेस्टॉससारखे वागू शकतात. मागावर जन्म काढलेल्या माझ्या काकांचा खोकला ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे मास्क न लावता ग्लोव्ह बॉक्सबाहेर (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीबाहेर) डबी उघडणाऱ्या एका सिनिअरशी मी पहिल्याच आठवड्यात भांडले. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

गाइड निवडताना त्यांचे पेपर मोजण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना चहाला गाठा. एसईएमचा नंबर किती दिवसांनी लागतो, मिल स्वतःची आहे की मागून आणायची, आणि फुटलेल्या पट्ट्या कुठे ठेवता, हे विचारा. “फेकून देतो” म्हणाले तर दुसरी प्रयोगशाळा बघा. आमच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. प्रत्येक तुकडा तारीख आणि बॅच क्रमांकासकट पुडीत, आणि फुटलेली बाजू वर.