डेल्टा प्रिंटरवर फिलामेंटची नळी बसवण्याआधी

डेल्टा म्हणजे तीन उभ्या खांबांचा थ्रीडी प्रिंटर, आणि इथली नळी म्हणजे फिलामेंट (प्लास्टिकचा धागा) नोझलकडे नेणारी नळी. ती कापायची घाई करू नका. आधी प्लग काढा आणि तिन्ही कॅरेज (खांबांवर सरकणारे भाग) हाताने खालीवर करून बघा. सावकाश, कारण मोटर हाताने जोरात फिरवली की तीच वीज तयार करते आणि ती थेट बोर्डात शिरते.

मोजायच्या जागा दोन. नोझल बेडला टेकलेलं आणि इफेक्टर (कॅरेजना रॉडने जोडलेला, नोझल धरणारा भाग) एक्स्ट्रूडरपासून, म्हणजे फिलामेंट ढकलणाऱ्या मोटरपासून, सगळ्यात लांबच्या कडेला, ही पहिली; इथे नळी ताणली जाता कामा नये. दुसरी म्हणजे इफेक्टर अगदी वर, होमिंगच्या जागी (प्रिंटर आपली सुरुवातीची जागा ठरवतो तिथे). डेल्टा वरच होम होतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रिंटच्या सुरुवातीला इफेक्टर तिथे जाणारच, आणि नळीचा सगळा फुगा तेव्हाच बाहेर येतो. तो बेल्टला घासतोय का, खांबात किंवा रॉडमध्ये अडकतोय का, वर छत किंवा फडताळ असेल तर त्याला टेकतोय का, हे बघून घ्या. मापासाठी जाड दोरा पुरतो, पण दोरा सरळ ताणून घेतलेलं माप फसवतं. नळीला ऐसपैस वळण लागतं, त्यामुळे थोडी जास्तच धरा. जास्तीची कधीही कापता येते.

एक्स्ट्रूडर खाली खांबाशी असेल तर तो वर चौकटीवर नेता येईल का, याचा विचार आत्ताच करा, नळी बरीच आखूड होते. काही जण तो कॅरेजच्या मध्ये इलॅस्टिकवर लटकवतात. नळी वीतभर उरते, हे खरं, पण इलॅस्टिक सैल पडून एक्स्ट्रूडर रॉडवर टेकणार नाही याची खात्री हवी. टीपीयूसारखं मऊ फिलामेंट वापरायचं असेल तर एवढा खटाटोप करावाच.

सामान फारसं लागत नाही. १.७५ मिमी फिलामेंटसाठी बाहेरून ४ आणि आतून २ मिमी व्यासाची पीटीएफई (टेफ्लॉन) नळी, दोन्ही टोकं पकडणारे कपलर, त्यांच्या क्लिपा, नवं पातं. कात्री नको, ती टोक चेपून लंबगोल करते. काप काटकोनात हवा. टोक तिरकं राहिलं तर हॉटएंडमध्ये (प्लास्टिक वितळवणाऱ्या भागात) फट उरते, तिथे वितळलेलं प्लास्टिक साचतं आणि मग नोझल का तुंबतंय याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. नळी थेट नोझलपर्यंत जाणाऱ्या हॉटएंडमध्ये २४० अंशांच्या वरचं काम टाळलेलंच बरं.

नळीसोबत वायरी बांधताना झिप टाय आवळू नका. टाय नळीभोवती हलका फिरला पाहिजे. नळी चेपली की आत फिलामेंट घासतं. हॉटएंडजवळचा पहिला थोडा भाग सरळ वर उठू द्या, लगेच वळवू नका.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते. ताठ नळी इफेक्टरला ढकलते किंवा ओढते आणि तो किंचित कलतो. चुंबकी सांध्यांच्या रॉडवर तर हे पटकन होतं. तपासायचं असं: फिलामेंट काढून घ्या, प्रिंटर चालू करा, नोझल बेडच्या एका कडेला आणा आणि खाली कागद सरकवून पकड बघा. मग कपलरची कडी दाबून हॉटएंडकडचं टोक सोडवा (ते निघत नसेल तर हॉटएंड थोडा गरम करा) आणि तोच कागद पुन्हा सरकवा. तिन्ही खांबांजवळ असंच करा. पकड बदलली तर दोष नळीच्या वाटेत आहे. अशा वेळी कॅलिब्रेशन कितीही वेळा केलं तरी पहिला थर एकीकडे दबलेला आणि दुसरीकडे सुटलेला येतो. आधी वळण मोठं करा, कॅलिब्रेशन त्यानंतर.

टोक परत पूर्ण आत बसवून क्लिप लावा. नळी वरखाली ओढल्यावर हलता कामा नये, कारण एक मिलिमीटर सरकली तरी तेवढं रिट्रॅक्शन (प्लास्टिक गळू नये म्हणून फिलामेंट मागे ओढणं) वाया जातं. शेवटी फिलामेंट हातानेच आत ढकला. जिथे हाताला जोर लावावा लागतो तिथेच वळण आवळलेलं असतं. नळीची लांबी बदलली असेल तर रिट्रॅक्शनचा जुना आकडा तसाच ठेवू नका. दोन बारीक मनोरे शेजारीशेजारी छापून त्यांच्या मधल्या प्लास्टिकच्या तारा बघा आणि आकडा अर्ध्या मिलिमीटरने वरखाली करत जा.