टॅली बंद असतानाच खरं काम: स्टुडिओ कॅमेरा शिकताना या चुका टाळा

नवशिक्या कॅमेरामनचं सगळं लक्ष टॅली, म्हणजे आपला कॅमेरा ऑन एअर असल्याचं दाखवणारा लाल दिवा, लागलेला असताना काय दिसतंय याकडे असतं. पण त्या वेळी दिसणारी चूक बहुतेकदा आधीच झालेली असते. आपला टॅली बंद असताना पुढचा शॉट लावून तयार राहायचं, ही सवय लागली की निम्मे प्रश्न सुटतात.

सगळ्यात जास्त छळतो तो फोकस. वाइडमध्ये चित्र छान दिसतं, ऑन एअर असताना झूम इन केलं की पाहुण्याचा चेहरा धूसर! वाइडला डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या अंतरात चित्र शार्प दिसतं तो पट्टा) जास्त असते, त्यामुळे थोडा चुकलेला फोकस तिथे खपून जातो. म्हणून टॅली बंद असताना आधी पूर्ण झूम इन करा, डोळ्यांवर फोकस लावा आणि मग हवी ती फ्रेम येईपर्यंत झूम आउट करा. पाहुणा पुढे सरकून बसला की पुन्हा हेच करायचं, कंटाळा करून चालत नाही.

एवढं करूनही वाइडला येताच चित्र सॉफ्ट होत असेल, तर तुमचा हात चुकलेला नाही. लेन्सचा बॅक फोकस (लेन्स आणि सेन्सरमधल्या अंतराची जुळणी) हललाय. रेकॉर्डिंगच्या आधी, शिक्षकांना सांगून तो लावून घ्या. सीसीयूवरून (कॅमेऱ्यांचा उजेड आणि रंग जिथून सांभाळतात ते युनिट) आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडायला सांगा, चित्र फार पांढरं पडलं तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. समोर चार्ट ठेवून टेलीला (पूर्ण झूम इनवर) फोकस रिंग आणि वाइडला बॅक फोकसची रिंग फिरवा. दोन्हीकडे चित्र शार्प येईपर्यंत हे आलटून पालटून करत राहा.

दुसरी चूक घाईची. डायरेक्टरने ‘टेक थ्री’ (कॅमेरा तीनचं चित्र घ्या) म्हटलं की कॅमेरा दोनवाला लगेच पुढच्या शॉटकडे वळतो. कट असेल तर निभावतं, पण डिझॉल्व्ह असेल तर दोन्ही कॅमेरे काही क्षण एकदमच दिसत असतात आणि तुमचं वळणं प्रेक्षकांना दिसतं. कान टॉकबॅककडे, म्हणजे हेडसेटवर येणाऱ्या डायरेक्टरच्या सूचनांकडे, असले तरी टॅली विझल्याशिवाय हलू नका. ‘रेडी टू’ (कॅमेरा दोन, तयार राहा) ऐकल्यावर फ्रेम सुधारत बसणंही तितकंच वाईट. तो शॉट डायरेक्टरला आवडलाय म्हणूनच तो मागितलाय.

पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) झटके खात असेल तर ड्रॅग, म्हणजे ट्रायपॉडच्या हेडचा फिरताना जाणवणारा विरोध, तपासा. लॉक अर्धवट आवळून ड्रॅगचं काम भागवू नका, त्याने हेड खराब होतं. पॅन जिथे संपणार तिकडे पाय आधीच वळवून उभं राहा, म्हणजे शेवटी शरीराला पीळ पडत नाही. टेलिप्रॉम्प्टर लावल्यावर कॅमेरा पुढे झुकतो, तेव्हा कॅमेरा बसवलेली प्लेट मागे सरकवून बॅलन्स पुन्हा करा. आणि टिल्ट (कॅमेऱ्याची वर-खाली हालचाल) लॉक न करता कॅमेऱ्यावरून हात काढायचा नाही, एक क्षणही नाही.

हेडरूम (डोक्यावरची मोकळी जागा), नोजरूम (चेहरा वळलाय त्या बाजूची जागा), गुडघ्यावर किंवा मनगटावर फ्रेम न कापणं, हे सरावाने जमतं.

रंग मात्र आपल्या मनाने सुधारू नका. व्ह्यूफाइंडरमध्ये चेहरा पिवळट वाटला म्हणून कुणी एकट्यानेच व्हाइट बॅलन्स बदलला, तर कट होताच एकाच माणसाचा चेहरा दोन रंगांत दिसतो. सगळे कॅमेरे एकाच उजेडात, एकाच पांढऱ्या कार्डवर लावायचे आणि पुढचं जुळवणं सीसीयूवर बसलेल्यावर सोपवायचं. तुम्हाला फरक दिसला तर टॉकबॅकवर सांगा, पण टॅली बंद असताना.