शैवालाला गंधकाचा उपास: हायड्रोजन मिळवण्याची प्रयोगशाळेतील पद्धत

क्लॅमिडोमोनस राइनहार्टी हे सुमारे १० मायक्रोमीटर आकाराचे एकपेशीय हिरवे शैवाल आहे. त्याच्या हरितलवकात हायड्रोजिनेज नावाचे विकर असते. जे काम एरवी प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूकडून करून घ्यावे लागते, ते हा उत्प्रेरक लोहाच्या अणूंवर भागवतो आणि प्रकाशसंश्लेषणातून आलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनांना देऊन हायड्रोजन तयार करतो. अडचण एकच आहे, पण ती मुळावर येणारी आहे. ज्या प्रकाशसंश्लेषणातून हे इलेक्ट्रॉन मिळतात त्यातूनच ऑक्सिजनही बाहेर पडतो, आणि ऑक्सिजनचा संपर्क येताच हे विकर निकामी होते. त्यामुळे पुढील सारी खटपट प्रकाश चालू ठेवून ऑक्सिजन हटवण्यासाठी आहे.

यावरचा उपाय अनास्तासिओस मेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडला. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्रणेतील डी-१ हे प्रथिन उजेडात सतत खराब होते आणि पेशी ते सतत नव्याने बनवते. त्यासाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. गंधक मिळेनासे झाले की ही डागडुजी थांबते, ऑक्सिजनची निर्मिती घटत जाते, श्वसन मात्र चालूच राहते आणि बंद बाटलीतला ऑक्सिजन पेशी स्वतःच संपवून टाकतात.

प्रथम ट्रिस, अ‍ॅसिटेट व फॉस्फेट असलेल्या नेहमीच्या टॅप माध्यमात, २५ अंश सेल्सिअसच्या आसपास, पांढऱ्या एलईडीच्या उजेडात आणि मंद ढवळणीखाली शैवाल तीन-चार दिवस वाढवावे. द्रव गडद हिरवा झाला, तरी वाढ पुरती थांबलेली नसावी. थकलेल्या पेशींना उपास घडवून काही हाती लागत नाही.

तोवर गंधकविरहित माध्यम तयार करून ठेवावे. मॅग्नेशियम सल्फेटच्या जागी मॅग्नेशियम क्लोराइड घालणे कोणालाही सुचते, परंतु सूक्ष्मद्रव्यांच्या द्रावणात जस्त, तांबे आणि लोह ही तिन्हीही सल्फेटच्याच रूपात असतात, हे हटकून विसरले जाते. त्यांचीही क्लोराइडे घ्यावीत. काचसामान धुण्याच्या साबणातही सल्फेट असते. म्हणून बाटल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळून नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने चांगल्या खळबळून घ्याव्यात. नळाचे पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नये.

आता पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २,००० पट) बलाने पाच मिनिटे फिरवाव्यात. वरचा द्रव ओतून टाकावा, तळाशी बसलेला हिरवा थर गंधकविरहित माध्यमात हलक्या हाताने मिसळावा, आणि ही धुलाई एकूण तीनदा करावी. जोरात हलवल्यास पेशी फुटतात आणि माध्यमाला फेस येतो. शेवटी पेशी त्याच माध्यमात घेऊन सामू ७.२ च्या जवळपास आहे ना, हे पाहावे. माध्यमातील अ‍ॅसिटेट वगळू नये, कारण ऑक्सिजन संपवणाऱ्या श्वसनाला तेच इंधन पुरवते.

हे मिश्रण एक लिटरच्या चपट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ब्यूटाइल रबराच्या बुचाने बंद करावे. बुचातून काढलेल्या नळीचे दुसरे टोक पाण्याने भरून उलट्या ठेवलेल्या मापनपात्रात सोडावे. नळी सिलिकॉनची नसावी. आम्ही पहिल्या खेपेस हाताशी होती म्हणून मीटरभर सिलिकॉनची नळी लावली. बाटलीत बुडबुडे दिसत होते, मापनपात्रात मात्र काहीच जमेना. हायड्रोजन नळीच्या भिंतीतूनच पसार होत होता. बुचाभोवती साबणाचे पाणी लावून गळती तपासण्याची सवय तेव्हापासून लागली, पण नळीच्या भिंतीतून झिरपणारा वायू त्या तपासणीत दिसत नाही.

बाटलीला दोन्ही बाजूंनी उजेड द्यावा व चुंबकीय ढवळणी चालू ठेवावी. पहिला दिवस धीराचा असतो. सुरुवातीला ऑक्सिजनच निघतो, त्याच काळात पेशी पिष्टाचा साठा करतात, आणि साधारण २४ ते ३० तासांनंतर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे दिसू लागतात. सगळे नीट जमल्यास एक लिटर संवर्धनातून तासाला दोन-अडीच मिलिलिटर वायू येतो. तीन-चार दिवसांनी वेग ओसरतो. वायूची खात्री गॅस क्रोमॅटोग्राफने करावी. ते नसेल तर लहान परीक्षानळीत वायू घेऊन तिच्या तोंडाशी जळती काडी धरल्यास ‘पॉप’ असा आवाज येतो. ही चाचणी मूळ बाटलीपासून दूर आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच करावी, कारण हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या कोणत्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेट घेतो.

उत्पन्नाबद्दल भ्रम नसावा. एका खेपेत लिटरमागे सुमारे १०० मिलिलिटर वायू धरला, तर १५० मिलिलिटर चहाच्या पाण्याला उकळी आणण्यापुरता हायड्रोजन मिळवायला पन्नासेक लिटर शैवाल लागेल, तेही उष्णतेचा एक कणही वाया गेला नाही तर. इंधनाचा कारखाना यातून लगेच उभा राहणार नाही. विकराला ऑक्सिजन सोसता यावा यासाठीचे संशोधन म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

बुडबुडे थांबल्यावर पेशी फेकून देण्याची घाई करू नये. फार उशीर झालेला नसेल, तर त्या सेंट्रिफ्यूज करून पुन्हा सल्फेट असलेल्या टॅप माध्यमात सोडाव्यात. फिकट पडलेला द्रव पुन्हा गडद हिरवा झाला की पुढच्या उपासाला तेच शैवाल चालते.