पॉलिसीवरचे ते तीन आकडे

कॅलिफोर्नियात नव्यानं आलेल्या आपल्या मंडळींशी गाडीच्या इन्शुरन्सबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "थर्ड पार्टी घेतलाय, कायद्यापुरतं झालं." २०१५ साली फ्रीमाँटला आले तेव्हा मीही हेच म्हणाले होते. त्याची किंमत मी दोन वर्षं फेडत होते.

भारतात थर्ड पार्टी विमा असला आणि आपल्या गाडीनं कुणाला इजा झाली, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनी भरते. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे, पण इजेला वरचा आकडाच नाही. त्यामुळे 'थर्ड पार्टी आहे' म्हटलं की आपण निर्धास्त होतो. इथं पॉलिसीच्या पहिल्या पानावर तीन आकडे असतात आणि कंपनी तेवढेच देते. १ जानेवारी २०२५ पासून कायद्यानं किमान ३०/६०/१५ लागतात: एका माणसाच्या इजेसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी मिळून ६० हजार, आणि समोरच्याची गाडी, कुंपण, खांब यांच्या नुकसानीसाठी १५ हजार. त्यापुढचं बिल तुमच्या नावावर.

माझ्या वेळी हे किमान आकडे १५/३०/५ होते. ऑफिसमधल्या एका ओळखीच्यानं सांगितलं, "सगळ्यात स्वस्त घे, आपण कुठे जोरात चालवतो?" मी घेतला. नोव्हेंबरात पहिला पाऊस झाला, सिग्नलला ब्रेक लागला नाही आणि मी पुढच्या नव्याकोऱ्या बीएमडब्ल्यूवर मागून आदळले. बघायला बंपर चेपलेला, एक दिवा फुटलेला, एवढंच. पण आतले सेन्सर, कॅमेरा, डिकीचं झाकण सगळं धरून बिल झालं १३,४०० डॉलर. माझ्या कंपनीनं ५,००० दिले. चार महिन्यांनी समोरच्याच्या इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं: उरलेले ८,४०० तुम्ही द्या. पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. महिन्याला ३५० डॉलर, असे चोवीस हप्ते भरले. त्या दोन वर्षांत नाशिकला जाणं झालं नाही. आणि जास्त कव्हर घेतलं असतं तर विम्याचा हप्ता महिन्याला जेमतेम पंधरा डॉलरनं वाढला असता.

म्हणून कळकळीनं सांगते, निदान १००/३००/१०० घ्या. घर घेतलं असेल, थोडी बचत साठली असेल, तर वर अंब्रेला पॉलिसीही घ्या, म्हणजे हे आकडे संपले की त्यापुढचं बिल भरणारा जादा विमा. आपली माणसं गाडी घेताना सनरूफवर आठवडाभर चर्चा करतात आणि हे आकडे फोनवर दोन मिनिटांत उरकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी फसगत 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' या शब्दाची. भारतात त्याचा अर्थ सगळं कव्हर. इथं चोरी, आग, अंगावर पडलेलं झाड, आडवं आलेलं हरीण, फोडलेली काच. धडक झाली तर तुमच्या गाडीचा खर्च 'कोलिजन'मधून मिळतो आणि ते वेगळं घ्यावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोत काच फोडून लॅपटॉप नेला, तर गाडीच्या विम्यातून काचेचे पैसे मिळतील, लॅपटॉपचे नाही. तो रेंटर्स इन्शुरन्समध्ये, म्हणजे भाडेकरूच्या सामानाच्या विम्यात येतो.

अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर नको असेल तर एजंट तुमची सही मागतो. ती सही करू नका. विमा नसलेल्या गाडीनं धडक दिली आणि तुम्हाला लागलं, तर हेच कव्हर कामी येतं. धडकून पळून गेलेल्या गाडीसाठीही येतं, मात्र २४ तासांत पोलिसांना कळवावं लागतं.

आता अपघात झालाच तर. कुणाला लागलं असेल तर आधी ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन. लागलं नसेल तर गाडी कडेला घ्या. बऱ्याच ठिकाणी पोलिस पंचनाम्याला येणार नाहीत, तेव्हा पुरावा तुम्हीच गोळा करायचा. दोन्ही गाड्या, नंबरप्लेट, सिग्नल, रस्त्यावरच्या खुणा यांचे फोटो काढा. समोरच्याचं लायसन्स आणि इन्शुरन्स कार्ड यांचे फोटो, साक्षीदाराचा फोन नंबर घ्या. 'माझं चुकलं' म्हणू नका. आपल्याला सवयीनं सॉरी म्हणायची घाई असते, पण चूक किती टक्के कुणाची हे इथं नंतर ठरतं आणि त्या टक्क्यांप्रमाणे पैसे वाटले जातात. समोरच्यानं, विशेषतः देशी माणसानं, "भाऊ, कॅशमध्ये मिटवू" म्हटलं तरी नाही म्हणा. मान दुखायला लागते ती दुसऱ्या दिवशी.

त्याच दिवशी आपल्या कंपनीला कळवा. समोरच्याच्या कंपनीचा माणूस गोड बोलून रेकॉर्डेड जबाब मागेल. तो द्यायचं बंधन नाही. गॅरेज तुमच्या पसंतीचं, हा इथला कायदा आहे. कंपनीनं गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी ठरवली, तर तिनं देऊ केलेला पहिला आकडा मुकाट्यानं घेऊ नका. तशाच मॉडेलच्या, तेवढ्याच मैलांच्या, आसपास विकायला असलेल्या गाड्यांच्या किमती पाठवा आणि रकमेत सेल्स टॅक्स धरलाय का ते पाहा. क्लेमला १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करता येते.

एक फॉर्म बहुतेकांना माहीतच नसतो, एसआर-१. कुणाला थोडंही लागलं किंवा कुणा एकाचं १,००० डॉलरहून जास्त नुकसान झालं, तर चूक कुणाचीही असो, १० दिवसांत तो डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे भरायचा. पोलिस रिपोर्ट झाला असला तरीही. नाही भरला तर लायसन्स जाऊ शकतं.

आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर पॉलिसीत मेडिकल पेमेंट्स जोडून घ्या. चूक कुणाचीही असली तरी तुमच्या गाडीत बसलेल्यांचा दवाखान्याचा खर्च ठरलेल्या रकमेपर्यंत त्यातून मिळतो. सासूबाई तिकीट काढल्याचं कळवतात त्याच दिवशी मी एजंटला फोन करते.