ऑफिसच्या लॅनमध्ये फायबर: आधी डीबीचा हिशेब, मग केबल

तांब्याच्या केबलची धाव १०० मीटर. त्यातली ९० मीटर भिंतीतून किंवा ट्रेमधून गेलेली पक्की केबल, उरलेली १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डची, म्हणजे जोडणीच्या छोट्या लवचीक केबलची. इमारत जरा ऐसपैस असली की हा आकडा संपतो आणि फायबरचा, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या काचेच्या बारीक तारेचा, विषय निघतो. गेली सोळा वर्षं मी हेच काम करते. एवढ्या वर्षांत काच आपणहून खराब झाली म्हणून बंद पडलेली लिंक मला जवळपास भेटलीच नाही. भेटल्या त्या मळलेल्या टोकांमुळे, चुकीच्या वळणांमुळे आणि वाटेत प्रकाश किती घटेल याचा, म्हणजे डीबीचा (डेसिबलचा), हिशेब न मांडता टाकलेल्या केबलमुळे अडलेल्या. म्हणून याच तीन गोष्टींवर मी इथे जास्त थांबणार आहे.

समोर एक काम धरू. चार मजल्यांची इमारत, सर्व्हर रूम तळमजल्यावर, प्रत्येक मजल्यावर एक रॅक, म्हणजे स्विच आणि पॅनेल बसवायचं कपाट. आवाराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक इमारत, केबलच्या वाटेने मोजलं तर २८० मीटर. "केबलच्या वाटेने" हे शब्द विसरू नका. नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर कधीच पुरत नाही. केबल शाफ्टमधून चढते, वळसे घेते, रॅकच्या मागे लूप होऊन थांबते, आणि या सगळ्याला मीटर लागतात.

फायबर कुठे, तांबं कुठे

सर्व्हर रूम ते प्रत्येक मजल्याचा रॅक ही बॅकबोन, म्हणजे मुख्य वाट, फायबरची. रॅक ते टेबल तांब्याची. वायफायचे ॲक्सेस पॉइंट, आयपी फोन, कॅमेरे हे त्याच केबलमधून वीज घेतात आणि काचेतून ती वीज जात नाही. प्रत्येक टेबलापर्यंत फायबर न्यायचा आग्रह कुणी धरला, तर मी हे एवढंच सांगते.

दोन इमारतींच्या मध्ये मात्र अंतर ५० मीटर असलं तरी फायबरच. दोन इमारतींचं अर्थिंग सारखं नसतं. तांब्याची केबल ते दोन्ही एकमेकांना जोडते आणि जवळपास वीज पडली की दोन्हीकडचे स्विच धोक्यात येतात. काचेला याचं काही घेणंदेणं नाही. फक्त केबल आर्मर्ड असेल, तर तिचं धातूचं आवरण इमारतीत शिरतं त्या जागी अर्थिंगला जोडून घ्या, नाहीतर जो धोका टाळायला फायबर टाकली तोच आवरणातून आत येतो.

सिंगल मोड की मल्टीमोड

सिंगल मोडचा प्रकाश वाहणारा गाभा बारीक, मल्टीमोडचा जाड; ओएस आणि ओएम ही त्यांच्या दर्जांची नावं. कोअर म्हणजे केबलमधली एकेक काचेची तार, आणि तिच्या गाभ्यालाही कोअरच म्हणतात. माझं मत सरळ आहे: नवी बॅकबोन टाकताय तर सिंगल मोड, ओएस-२, किमान १२ कोअर.

कारण एका जुन्या इमारतीत मिळालं. तिथे नारिंगी आवरणाची ओएम-१ केबल होती, ६२.५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कोअरची. १ गिगला (सेकंदाला १ गिगाबिट) ती २७५ मीटरपर्यंत चालते, तिथे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होती. मग १० गिगचे स्विच आले. मॉड्युल म्हणजे स्विचमध्ये बसणारा, सिग्नल प्रकाशात बदलणारा तुकडा; एसआर मल्टीमोडचं, एलआर सिंगल मोडचं. त्याच केबलवर एसआर मॉड्युलची हद्द ३३ मीटर. इमारतीतली एकही लिंक त्यात बसत नव्हती. चांगली, धडधाकट केबल काढून टाकावी लागली. त्याच शाफ्टमध्ये कुणीतरी पूर्वी टाकून ठेवलेली पिवळी सिंगल मोड होती. तिच्या दोन्ही टोकांना फक्त मॉड्युल बदलली आणि लिंक वर आली. कोअर ९ मायक्रॉनचा, एलआर मॉड्युलची धाव १० किलोमीटर. पुढे १०० गिग आलं तरी काच तीच राहते.

मल्टीमोड वाईट नाही. एकाच खोलीतल्या दोन रॅकमध्ये, सर्व्हरपासून स्विचपर्यंत, ती सोयीची आणि तिची मॉड्युल स्वस्त. १० गिगला ओएम-३ वर ३०० मीटर आणि ओएम-४ वर ४०० मीटर मिळतात. पण १०० गिगच्या एसआर-४ मॉड्युलला तेच आकडे ७० आणि १०० वर येतात. रंगावर विसंबू नका. ओएम-३ आणि ओएम-४ दोन्ही बहुतेक वेळा ॲक्वा रंगातच येतात. आवरणावर छापलेलं वाचा.

कोअर मोजताना हात आखडू नका. एका लिंकला दोन कोअर लागतात, पण केबल ओढायची मेहनत २ कोअरला जेवढी तेवढीच १२ ला.

डीबीचा हिशेब

आता कागद घ्या. आपल्या २८० मीटरवर १० गिग हवंय. आधी ओएम-४ धरून बघू. ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला काचेतला लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, किलोमीटरला ३ डीबी धरायचा, म्हणजे २८० मीटरला ०.८४. दोन्ही टोकांच्या पॅनेलवर (केबलची टोकं जिथे कनेक्टरवर येतात ती पट्टी) एकेक कनेक्टरची जोडी, प्रत्येकी जास्तीत जास्त ०.७५, म्हणजे १.५. दोन्ही टोकांना पिगटेल (एका बाजूला कनेक्टर असलेली छोटी फायबर) स्प्लाइस केली, म्हणजे वितळवून जोडली, तर प्रत्येकी ०.३, म्हणजे ०.६. बेरीज २.९४. १० गिग एसआरला ओएम-४ वर चालणारा लॉस २.९. अंतर ४०० मीटरच्या पुष्कळ आत आहे, तरी हिशेब ०.०४ ने काठाबाहेर. मध्ये कुणी आणखी एक पॅच पॅनेल घातलं की पुरताच गेला.

प्रत्यक्षात चांगला कनेक्टर ०.७५ घेत नाही, ०.२ किंवा ०.३ घेतो, आणि चांगला स्प्लाइस ०.०५ च्या आसपास असतो. पण हिशेब वाईटातल्या वाईट आकड्यांनीच मांडायचा. उरेल ती शिल्लक पुढच्या दुरुस्तीच्या कामी येते.

हीच लिंक सिंगल मोडवर मांडा. इमारतीच्या आत किलोमीटरला १ डीबी धरला तरी काच ०.२८, कनेक्टर १.५, स्प्लाइस ०.६. बेरीज २.३८, आणि एलआरला ६ डीबीच्या वर लॉस चालतो. म्हणजे मध्ये आणखी दोन पॅनेल आली तरी लिंक तगते.

ओढताना

बाहेरच्या पॉलिथिलीन आवरणाची केबल इमारतीत खोलवर नेऊ नका, ती आग पकडते. शिरल्यावर लगेच आतल्या, कमी धूर करणाऱ्या एलएसझेडएच केबलला स्प्लाइस करा, किंवा सुरुवातीलाच आत-बाहेर दोन्हीकडे चालणारी केबल घ्या. हा जादाचा स्प्लाइस हिशेबात धरा.

केबल ओढायची ती आतल्या पिवळ्या अरामिड धाग्यांना बांधून, आवरणाला धरून नाही. आवरण ताणलं जातं आणि ताण सुटला की आतली काच आक्रसल्यासारखी लहरत बसते. ताण असताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या २० पट, बसवल्यावर १० पट. १२ मिलिमीटरची केबल असेल तर ओढताना २४ सेंटिमीटर, नंतर १२. जमिनीवर उतरवून ठेवायची वेळ आली तर इंग्रजी आठच्या आकारात पसरा, म्हणजे पीळ पडत नाही. झिप टाय नकोच, वेल्क्रो वापरा.

वळणाचा एक किस्सा. एका मजल्याची लिंक दिवसभर नीट चालायची आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर बंद पडायची. मॉड्युल बदललं, पॅच कॉर्ड बदलली, काही नाही. शेवटी मी रॅकसमोर बसून राहिले. रोज संध्याकाळी रॅकचं दार लावलं जायचं आणि बिजागरीपाशी एक कॉर्ड चिमटीत सापडायची. दार उघडलं की लिंक वर, लावलं की खाली. लाल प्रकाशाचं व्हीएफएल, म्हणजे बिघाड शोधायची बॅटरी, टोकाला लावून दार अर्धं लोटलं, तर नेमक्या त्या जागी पिवळ्या आवरणातून लाल उजेड बाहेर झिरपताना दिसला. तेव्हापासून काम सोपवायच्या आधी मी सगळी दारं लावून पुन्हा रीडिंग घेते.

स्प्लाइसिंग

ते नीट हातात बसायला सराव लागतो, लिहून शिकवता येत नाही, म्हणून थोडक्यात. आवरण सोला, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, क्लिव्हरने (काच सरळ कापायच्या हत्याराने) कापा, मशीनमध्ये जोडा, स्लीव्ह (जोडावरची संरक्षक नळी) तापवा. स्लीव्ह आधी ओवायला विसरलात तर पुन्हा पहिल्यापासून. मशीनच्या पडद्यावरचा लॉस हा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. कापलेले काचेचे तुकडे थेट झाकणाच्या डबीत टाका. ते बोटात गेले तर दिसत नाहीत आणि निघत नाहीत.

दोन्ही टोकांना कोअरचा क्रम एकच ठेवायचा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, ॲक्वा. माझ्या हाताखालच्या मुलाने पहिल्या आठवड्यात विचारलं, "ताई, दोन्हीकडे एकच चूक केली तर चालेल ना?" लिंक चालेल. पण पाच वर्षांनी कुणी फक्त एका टोकाला उभं राहून दुरुस्ती करेल, तेव्हा त्याची रात्र जाईल.

टोक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. सिंगल मोडचा कोअर ९. त्यावर बसणारा धुळीचा कण डोळ्यांना दिसतच नाही, आणि कनेक्टर दाबला की तो समोरच्या काचेत रुततो. मग नुसतं पुसून भागत नाही, कॉर्ड टाकून द्यावी लागते.

स्कोप (टोक बघायचा सूक्ष्मदर्शक) लावून बघा. निरोगी टोक म्हणजे एकसारखी करडी चकती आणि मधोमध बारीक ठिपका. बोट लागलेलं असेल तर त्यावर तेलाचे थेंब आणि रेषा दिसतात. पाकिटातून नुकत्याच काढलेल्या कॉर्डवरही मला धूळ मिळाली आहे, आणि ती बहुतेक प्लॅस्टिकच्या टोपीतूनच आलेली असते. क्रम असा: बघा, पुसा, पुन्हा बघा, मगच जोडा. आधी कोरडा क्लिकवाला क्लीनर, एलसी या छोट्या कनेक्टरला १.२५ मिलिमीटरचा, एससी या मोठ्याला २.५ चा. डाग हट्टी असेल तर अल्कोहोल आणि लगेच कोरडं पुसणं. तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातला ओलावा काचेवर बसतो. आणि समोरचा अर्धा भाग विसरू नका: पॅनेलच्या अडॅप्टरच्या आत बसलेलं टोकही तितकंच मळतं.

हिरवा कनेक्टर निळ्यात घालू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, ते समोरच्या सरळ टोकावर नीट टेकत नाही. क्लिक होतं, बसल्यासारखं वाटतं, पण लॉस भरमसाट येतो. इथरनेटच्या एसएफपीला (स्विचमधल्या मॉड्युलला) निळ्याच प्रकारचा, सरळ टोकाचा कनेक्टर लागतो.

मोजणी

प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटर एका कॉर्डने जोडा, तो आकडा शून्य धरा, ती कॉर्ड स्रोतापासून न काढता पुढचं मोजा. मल्टीमोडला ८५० आणि १३०० नॅनोमीटरला, सिंगल मोडला १३१० आणि १५५० ला, दोन्ही दिशांनी. ओटीडीआर (प्रकाशाची स्पंदनं सोडून लॉस कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) वापरताना लाँच केबल (आधी जोडायची जादाची फायबर) लावाच, नाहीतर पहिला कनेक्टर त्याला दिसत नाही. एखाद्या जागी १५५० चा लॉस १३१० पेक्षा ठळक जास्त आला, तर तिथे केबल वाकलेली आहे. जाऊन हाताने शोधा.

चालू मॉड्युल जोडलेल्या टोकात डोळा लावून बघू नका. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही.

सगळे आकडे बरोबर आणि तरी लिंक वर येत नाही? आधी डुप्लेक्स कनेक्टरमधल्या दोन कॉर्ड उलट करून बघा. एकीकडचा टीएक्स (पाठवणारं टोक) दुसरीकडच्या आरएक्सला (घेणाऱ्या टोकाला) गेलाच पाहिजे. मग स्विचवर मॉड्युलचं आरएक्स पॉवर वाचा. १० गिग एलआरला ते उणे १४.४ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) खाली गेलं असेल तर पुन्हा स्कोप काढा.

वर आलेल्या लिंकचं आरएक्स रीडिंग त्याच दिवशी लेबलच्या क्रमांकासह लिहून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. रिकाम्या पोर्टवर टोप्या परत घाला, पुसलेल्या.