कोरडी भाकरी उतरत नसेल तर: पचनसंस्थेच्या कर्करोगाची वेळीच तपासणी आणि शस्त्रक्रिया

सोलापुरात कडक भाकरी आमटीत कुस्करून खाण्याची रीत असल्यामुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे पहिले लक्षण घरच्यांच्या नजरेतून सहज निसटते. आधी कोरडा घास छातीमागे अडकतो, मग भाकरी अधिक भिजवली जाते, पुढे भातही पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो, आणि तोपर्यंत माणूस ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढत असतो. त्यामुळे शंका आल्यास एक घास मुद्दाम कोरडा खाऊन पाहावा आणि तो अडकत असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध, हा समज अधिक घातक आहे, कारण मूळव्याध आणि गुदाशयाचा कर्करोग एकाच माणसाला असू शकतात. डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी मिनिटभराची असते; त्यांनी ती केली नाही, तर संकोच सोडून आपणच विचारावे. शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली असेल किंवा पन्नाशीपुढे हिमोग्लोबिन विनाकारण घटले असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करावी. मोठ्या आतड्यातील बहुतेक कर्करोग पॉलिप नावाच्या छोट्या वाढीतून, साधारण 10 वर्षांत तयार होतात आणि पॉलिप त्याच तपासणीत काढता येतो. आदल्या दिवशी फक्त पातळ, पारदर्शक पेये घ्यावीत, पोट साफ करण्याचे औषध सांगितलेल्या वेळी पूर्ण प्यावे, आणि मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधीच सांगावे.

वेदना नसलेली कावीळ, पांढरट शौच आणि अंगाला खाज ही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात; ती असतील, तर झाडपाल्यात आठवडे न घालवता सोनोग्राफी करावी.

गाठ दिसली म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नसते. बायोप्सीने, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा तपासून, निदान पक्के होते, सीटी स्कॅनने आजाराचा टप्पा ठरतो, आणि गुदाशयाच्या कर्करोगात बऱ्याचदा आधी रेडिएशन व केमोथेरपी देतात. शस्त्रक्रियेत गाठीचा भाग भोवतीच्या निरोगी कडेसह आणि लसिका ग्रंथींसह काढतात. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी ती नियमित होते असेच ठिकाण निवडावे. जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा असल्यास दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, भेटावे. शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागेल का, आणि लागल्यास ती कायमची की काही महिन्यांची, हेही भूल देण्याआधी विचारावे. हे नंतर कळले, तर घरातल्यांची भांडणे होतात.

शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल फाईलमध्ये सर्वांत वर ठेवावा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमान 12 लसिका ग्रंथी तपासल्या गेल्या का आणि कापलेल्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत का, या दोन ओळी डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात, कारण पुढे केमोथेरपी द्यायची की नाही याचा निर्णय बव्हंशी याच कागदावरून होतो.