झडीत सडणारा झेंडू कसा वाचवला

घरामागच्या वावरात दसऱ्यासाठी झेंडू लावायची हौस मला दोन वर्षं महागात पडली. आमची जमीन काळी, भारी. झड लागली की चार-चार दिवस पाणी हटत नाही. रोपं हिरवीगार दिसायची आणि एक दिवस ऊन पडलं की भरदुपारी माना टाकायची. मला वाटलं, पाणी कमी पडलं. मी वरून आणखी पाणी घातलं! (हसू नका.) शेवटी एक रोप उपटून पाहिलं, तर मूळ तपकिरी, सालटं हातात आलं. सासूबाई धुऱ्यावरूनच म्हणाल्या, "पानी बसलं का मूय सडलंच समज."

चिकण काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते. मुळं गुदमरतात आणि बुरशीला रान मोकळं.

तिसऱ्या वर्षी सपाट लावणी बंद. फूटभर उंच गादीवाफे केले, त्यात कुजलेलं शेणखत आणि ट्रायकोडर्मा (मूळ सडवणाऱ्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळला. मधल्या सऱ्या उताराने थेट नाल्याकडे काढल्या. खरं काम याच सऱ्यांनी केलं. लावणी जुलैअखेर, दीड फुटावर. महिन्याने शेंडे खुडले. जीवावर आलं, पण फांद्या फुटल्या. युरिया दिलाच नाही, नुसता पाला माजतो.

यंदाही झड लागली. सऱ्या वाहत राहिल्या. कडेची सात-आठ रोपं गेली, तिथे सरी बुजली होती. बाकीच्यांची तोरणं दारावर आहेत.